लेझर स्कॅटरिंगने गॅस जेटचं मिक्सिंग मोजणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेले, मी (Mie), रामन ही स्कॅटरिंगच्या, म्हणजे प्रकाश विखुरण्याच्या, तीन प्रकारांची नावं ऐकून लोक येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो "लेझर कोणता घेऊ?" खरंतर तो पाचवा-सहावा प्रश्न असायला हवा, म्हणून इथे तसाच ठेवलाय. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही, त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

प्र. १. मिक्सिंग मोजायचं म्हणजे नक्की कशाचा आकडा काढायचा?

नळीतून वायूचा झोत सुटतो (हाच जेट), आजूबाजूची हवा आत ओढून घेतो आणि पुढे पुढे पातळ होत जातो. आपल्याला हवं असतं ते असं की अमुक जागी, अमुक क्षणी जेटमधला वायू किती टक्के आणि हवा किती टक्के. "अमुक क्षणी" हे महत्त्वाचं, कारण नुसत्या सरासरीने फसगत होते. समजा एखाद्या जागी अर्धा वेळ शुद्ध प्रोपेन येतो आणि अर्धा वेळ शुद्ध हवा, तर सरासरी ५० टक्केच येणार, पण रेणूंच्या पातळीवर काहीच मिसळलेलं नाही. म्हणून सरासरीबरोबर चढउतार किती हे पण लागतं, आणि त्याहून चांगलं म्हणजे पूर्ण वाटप, म्हणजे किती वेळा किती टक्के सापडलं.

प्र. २. नळी घालून सॅम्पल ओढून गॅस अ‍ॅनालायझरला दिलं तर चालत नाही का? किंवा श्लीरेन?

सरासरी हवी असेल तर चालतं की, स्वस्तही पडतं. पण नळी प्रवाहात अडथळा आणते आणि अ‍ॅनालायझरपर्यंत जाईस्तोवर सगळे चढउतार गुळगुळीत होऊन जातात. श्लीरेन म्हणजे वायूच्या घनतेतल्या फरकाने प्रकाश वळतो त्यावरून चित्र काढणं, ती चित्रं देखणी असतात, जेटचा आकार छान कळतो, पण प्रकाश अख्ख्या जेटमधून आरपार जात असल्यामुळे पुढचं-मागचं सगळं एकावर एक चढतं. लेझरची शीट, म्हणजे लेन्सने पातळ पडद्यासारखा पसरवलेला बीम, फक्त एक पातळ काप उजळवते आणि पल्स असेल साधारण १० नॅनोसेकंदाचा, तेवढ्यात प्रवाह जागचा हलत नाही असंच धरा (१०० मीटर प्रति सेकंद वेगाने १० नॅनोसेकंदात एक मायक्रॉन सरकतो).

प्र. ३. रेले, मी आणि रामन यात फरक काय, सोप्या भाषेत?

तिन्ही स्कॅटरिंगच, शाळेच्या पुस्तकात ज्याला प्रकाशाचं विकिरण म्हणतात तेच. रेले म्हणजे वायूचे रेणू स्वतःच लेझरचा प्रकाश इकडेतिकडे फेकतात आणि रंग तोच राहतो, लॉर्ड रेले यांनी १८७१ मध्ये निळ्या आकाशाचा हिशोब मांडला तो हाच. मी स्कॅटरिंग हे गुस्ताव मी यांच्या १९०८ च्या कामावरून आलेलं नाव, त्यात प्रकाश फेकणारे रेणू नसतात तर प्रकाशाच्या वेव्हलेंग्थच्या आसपासच्या आकाराचे कण असतात, म्हणजे तेलाचे थेंब, धूर, पावडर, जे आपण मुद्दाम जेटमध्ये सोडतो.

रामन म्हणजे सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये दाखवलेला परिणाम, रेणू प्रकाश फेकताना थोडी ऊर्जा ठेवून घेतो त्यामुळे रंग बदलतो आणि प्रत्येक वायूचा बदल वेगळा. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर मारला तर ऑक्सिजनचा रामन सिग्नल ५८० च्या आसपास येतो, नायट्रोजनचा ६०७ ला आणि मिथेनचा ६३० च्या जवळ. म्हणजे कुठला वायू किती हे वेगवेगळं सांगणारी या तिघांत एकटी रामनच. अडचण एवढीच की त्याचा सिग्नल रेलेच्या ढोबळमानाने हजारावा हिस्सा असतो. मग मोठा लेझर, मोठी लेन्स, आणि बहुतेक वेळा पूर्ण शीटऐवजी एक बिंदू किंवा एक रेष एवढ्यावरच समाधान मानावं लागतं.

प्र. ४. पहिल्यांदाच करतोय, यातलं कुठलं घेऊ?

दोनच वायू असतील, तापमान सगळीकडे सारखं असेल आणि हवा स्वच्छ ठेवता येत असेल तर रेले. फक्त प्रवाह कसा दिसतो एवढंच बघायचं असेल तर मी स्कॅटरिंग. तीन किंवा जास्त वायू, किंवा आग असेल तर रामन, तेही सोबत रेले ठेवून. अ‍ॅसिटोनची वाफ मिसळून फ्लुरोसन्स (प्रकाश शोषून वेगळ्या रंगाचा प्रकाश देणं) बघणं हा पण चांगला मार्ग आहे, पण ते स्कॅटरिंग नाही म्हणून इथे फक्त प्र. १४ आणि प्र. १९ मध्ये थोडं येईल.

प्र. ५. कुठल्या वायूची जोडी घेऊ? माझ्याकडे सिलिंडर कुठलाही येऊ शकतो.

हा प्रश्न लोक सगळ्यात कमी विचारतात आणि अर्धा निकाल इथेच लागतो. रेलेमध्ये प्रत्येक वायूचा रेणू किती प्रकाश फेकतो याला क्रॉस सेक्शन म्हणतात आणि तो वायूच्या रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्समधून (अपवर्तनांकातून) एक वजा केल्यावर जे उरतं त्याच्या वर्गावर ठरतो. हवा १ धरली तर प्रोपेन साधारण १३, कार्बन डायऑक्साइड २.४, मिथेन २.२, हायड्रोजन ०.२३ आणि हेलियम फक्त ०.०१४ च्या आसपास. आता हे बघा, हवेत ५ टक्के प्रोपेन आला तर सिग्नल ६० टक्क्यांनी वाढतो, ५ टक्के मिथेन आला तर जेमतेम ६ टक्क्यांनी, आणि ५ टक्के हेलियम आला तर सुमारे ५ टक्क्यांनी कमी होतो. लेझर कितीही भारी आणा, एवढा फरक लेझर बदलून मिळत नाही.

घनतेचा परिणाम नको असेल, फक्त मिक्सिंग बघायचं असेल तर जवळपास सारख्या वजनाच्या जोड्या शोधायच्या. कॅलटेकच्या डाउलिंग आणि डिमोटाकिस यांच्या १९९० च्या कामात इथिलीनचा जेट नायट्रोजनमध्ये (दोघांचं रेणूवजन २८) आणि प्रोपेनचा जेट आर्गॉनमध्ये (४४ आणि ४०) सोडला होता, आणि ही कल्पना अजूनही तितकीच उपयोगी आहे. प्रोपेन आणि कार्बन डायऑक्साइड ही पण मस्त जोडी, दोघंही ४४ चे, पण प्रोपेन पाचपटीहून जास्त चमकतो. आग लागण्याचा प्रश्न मात्र प्र. १६ मध्ये वाचा.

प्र. ६. बरं, आता तरी सांगा, लेझर कोणता?

चित्र हवं असेल तर पल्स्ड एनडी-याग (झटक्याझटक्याने चालणारा स्फटिकाचा लेझर), ५३२ नॅनोमीटर, काही शे मिलिज्यूल. रेले सिग्नल वेव्हलेंग्थच्या चौथ्या घाताने कमी होतो, त्यामुळे ३५५ ला पाचपट आणि २६६ ला सोळापट क्रॉस सेक्शन मिळतो हे खरंय. पण तिथे लेझरची ऊर्जा कमी मिळते, एका ज्यूलमध्ये फोटॉनही कमी असतात, ऑप्टिक्स महाग, आणि काच, तेल, इंधनाची वाफ सगळंच फ्लुरोसन्स द्यायला लागतं. माझ्या मते पहिला सेटअप हिरव्यावरच करावा, बीम दिसतो तरी. एका बिंदूवर वेळेनुसार चढउतार हवे असतील तर सतत चालणारा काही वॅटचा लेझर आणि फोटोमल्टिप्लायर (अगदी मंद प्रकाश मोजणारा सेन्सर). पूर्वी यासाठी आर्गॉन-आयन लेझर वापरायचे, ४८८ किंवा ५१४.५ नॅनोमीटर.

प्र. ७. शीट आहे, फोकस आहे, कॅमेरा चालू आहे, तरी रेले सिग्नल जवळजवळ शून्य. लेझर बिघडला का?

बहुधा नाही, पोलरायझेशन, म्हणजे प्रकाशाच्या लहरी कुठल्या दिशेने थरथरतात ते, बघा. रेणू ज्या दिशेला थरथरतो त्या दिशेने प्रकाश फेकत नाही, म्हणजे लेझरचं पोलरायझेशन नेमकं कॅमेऱ्याकडे बोट दाखवत असेल तर कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही. उभी शीट आणि बाजूने बघणारा कॅमेरा असेल तर पोलरायझेशन उभं हवं. मध्ये एक हाफ-वेव्ह प्लेट (पोलरायझेशनची दिशा वळवणारी चकती) टाका आणि फिरवा, सिग्नल लगेच वर येतो. उलट बाजूने याचा फायदाही होतो, प्लेट फिरवून सिग्नल किमान केला की जे उरतं ते बहुतांश भिंतींवरून येणारं बॅकग्राऊंड असतं, अंदाज घ्यायला बरं पडतं.

प्र. ८. कॅमेऱ्याचे काउंट्स आले, त्यावरून टक्केवारी कशी काढायची?

तापमान आणि दाब सारखे असतील तर सिग्नल सरळ रेषेत बदलतो, त्यामुळे दोन टोकं पुरतात, शुद्ध हवा आणि शुद्ध जेट वायू. समजा एका पिक्सेलवर हवेचे काउंट २५०, शुद्ध प्रोपेनचे २६५० आणि मोजताना ८५० आले. तर ८५० वजा २५० म्हणजे ६००, त्याला २४०० ने भागा, २५ टक्के. यात गंमत अशी की बॅकग्राऊंड (इथे समजा ५०) आपोआप कटतो, कारण तो वरही वजा होतो आणि खालीही.

पण हे फक्त लेझरची ऊर्जा दर शॉटला तीच असेल तर. ती नसतेच, एनडी-यागमध्ये काही टक्के वरखाली होतेच, मग शॉटची ऊर्जा मोजून भाग द्यावा लागतो आणि भाग देण्याआधी कॅमेऱ्याचा डार्क (प्रकाश नसतानाही येणारे काउंट) वजा केलेला असला पाहिजे, कारण डार्क लेझरबरोबर कमीजास्त होत नाही. हा क्रम उलटा झाला की आकडे दिसायला ठीक पण थोडे थोडे चुकलेले येतात आणि ते सहज लक्षात येत नाही. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे प्रत्येक चित्राच्या कडेला शुद्ध हवेची एक पट्टी ठेवायची, तीच त्या शॉटची मोजपट्टी. शीट वरखाली सारखी नसते, मध्यभागी जास्त उजळ असते, त्याची दुरुस्ती पण शुद्ध हवेच्या सरासरी चित्राने भागूनच होते.

प्र. ९. चित्रात मधेमधे पांढरेशुभ्र ठिपके येतात, ते काय?

धूळ. एक मायक्रॉनचा एकच कण ढोबळमानाने १० च्या १८ व्या घाताइतक्या रेणूंएवढा प्रकाश एकूण फेकतो, म्हणजे साध्या हवेच्या एखाद्या घन सेंटिमीटरच्या काही टक्के भागात जेवढे रेणू असतात तेवढे सगळे एकीकडे आणि हा एक कण दुसरीकडे. आपला पिक्सेल तर घन मिलिमीटरच्या छोट्या तुकड्याकडे बघत असतो, त्यामुळे कण आला की तो पिक्सेल गेलाच. म्हणून जेटभोवती हेपा फिल्टरमधून आलेली संथ हवा सोडतात, जेट वायूलाही बारीक फिल्टर लावतात आणि चेंबर मोजायच्या आधी बराच वेळ धुवून काढतात. उरलेले ठिपके सॉफ्टवेअरने काढता येतात, पण शेजारच्या पिक्सेलवरून भरलेले आकडे बारीक रचना मोजताना धरू नका. शंभर चित्रांत चार-पाच ठिपके असतील तर सोडा, प्रत्येक चित्रात डझनभर असतील तर सॉफ्टवेअरशी झगडण्यापेक्षा पुन्हा फिल्टरकडे जा.

प्र. १०. बॅकग्राऊंड सिग्नलइतकाच येतोय. काळा रंग मारून झाला.

काळा रंगही हिरवा लेझर पुरेसा परत फेकतो. बीम आत येते आणि बाहेर जाते त्या खिडक्या कॅमेऱ्याच्या दृष्टीपासून लांब न्या, लांब नळ्यांच्या टोकाला लावा आणि आत भटका प्रकाश अडवणाऱ्या रिंगा टाका, बीम संपते तिथे नीट बीम डंप (बीम गिळणारा सापळा) हवा, आणि कॅमेऱ्याला समोर जी भिंत दिसते ती सुद्धा एक खोल काळा खड्डा असावी. नोझलचं तोंड शीटच्या खालच्या कडेपासून थोडं खाली ठेवा, धातूवर शीट टेकली की सगळं वाया.

एवढं करूनही जमत नसेल तर फिल्टर्ड रेले. कॅमेऱ्यापुढे आयोडीनच्या वाफेची काचेची कुपी ठेवतात, ५३२ च्या आसपास आयोडीनच्या शोषण रेषा आहेत, लेझर बरोबर त्या रेषेवर आणायचा, मग भिंतीवरून आणि धुळीवरून आलेला प्रकाश शोषला जातो कारण त्याची फ्रिक्वेन्सी लेझरचीच असते. रेणू मात्र पळत असतात, डॉप्लरमुळे त्यांचा प्रकाश काही गिगाहर्ट्झ पसरतो आणि कडेने निसटून कॅमेऱ्यात येतो. किंमत मोठी आहे, इंजेक्शन सीडेड (फ्रिक्वेन्सी एका अरुंद रेषेवर बांधलेला) लेझर लागतो, बराच सिग्नल जातो, आणि प्रत्येक वायूचा पार होणारा वाटा वेगळा असल्यामुळे प्र. ५ मधले क्रॉस सेक्शनचे आकडे जसेच्या तसे चालत नाहीत, नवीन कॅलिब्रेशन करावं लागतं.

प्र. ११. मग सरळ तेलाचा धूर सोडून मी स्कॅटरिंगच का करू नये? सिग्नल तर भरपूर मिळतो.

मिळतो, आणि जुन्या काळी बरीच मापनं तशीच झाली. पण कण रेणूंसारखे पसरत नाहीत. एक मायक्रॉनचा तेलाचा थेंब प्रवाहाच्या वेगाला साधारण ३ मायक्रोसेकंदात जुळवून घेतो, ते ठीक, पाच मायक्रॉनचा असेल तर २५ पट जास्त वेळ. खरी अडचण पुढे आहे, प्रोपेनचे रेणू शेजारच्या हवेत विरघळत जातात आणि थेंब मात्र जिथल्या तिथे, त्यामुळे मी स्कॅटरिंगमध्ये प्रवाह ढवळला गेलाय हे दिसतं पण रेणूंच्या पातळीवर मिसळलाय का हे कळत नाही. चहात साखर टाकून ढवळणं आणि साबुदाणा टाकून ढवळणं, एवढा फरक.

दुसरं म्हणजे मोजणी. एका पिक्सेलच्या आवाक्यात सरासरी १०० थेंब असतील तर नुसत्या योगायोगाने १० टक्के चढउतार येणार, आणि ते खरे समजून लोक आलेख काढतात. ०.१ बाय ०.१ बाय ०.३ मिलिमीटरच्या तुकड्यात १०० थेंब म्हणजे एका घन सेंटिमीटरमध्ये तीन कोटींच्या वर, एवढा दाट धूर सोडला की शीट पलीकडे पोचेपर्यंत मंद होते. मोठे आकार, सरासरी आकृती, जेट किती फाकतो, यासाठी मात्र मी स्कॅटरिंग उत्तमच.

प्र. १२. पिक्सेल किती बारीक हवा?

पिक्सेलपेक्षा शीटची जाडी बघा, तीच बहुतेक वेळा आडवी येते. साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटर जाडीची शीट असताना ०.०२ चा पिक्सेल घेऊन उपयोग नाही. जेटमधले सगळ्यात बारीक थर किती पातळ हे रेनॉल्ड्स नंबरवर (वेग गुणिले व्यास भागिले वायूचा चिकटपणा, म्हणजे प्रवाह किती खळबळता याचं माप) ठरतं, आणि नोझलपासून दुप्पट लांब गेलं की ते थर दुप्पट जाड होतात. बारीक रचना दिसत नसेल तर कॅमेरा बदलण्याआधी नोझल मोठा करून बघा, व्यास दुप्पट करून रेनॉल्ड्स नंबर तोच ठेवला तर वेग अर्धा होतो, सगळ्या लांब्या दुप्पट, आणि घडामोडी चारपट संथ. गॅस दुप्पट लागेल पण कॅमेऱ्यापेक्षा स्वस्तच.

प्र. १३. चढउतारांमध्ये नॉइज किती आणि खरं मिक्सिंग किती, कसं वेगळं करू?

शुद्ध हवेची काही शे चित्रं घ्या, तिथे मिक्सिंग नाहीच, जे चढउतार दिसतील ते नॉइजचे. १०० फोटोइलेक्ट्रॉन (प्रकाशामुळे कॅमेऱ्यात सुटलेले इलेक्ट्रॉन) म्हणजे १० टक्के नॉइज, १००० म्हणजे ३ टक्के, यापेक्षा चांगलं निसर्ग देत नाही. मग मोजलेल्या चढउताराच्या वर्गातून नॉइजचा वर्ग वजा करायचा. नुसते आकडे वजा करू नका, वर्ग. आणि लक्षात ठेवा की प्रोपेनजवळ सिग्नल जास्त असल्यामुळे तिथला नॉइज हवेतल्यापेक्षा वेगळा असतो, एकच आकडा सगळीकडे वापरला तर कडेला चुकतं. ग्रेडियंटचा वर्ग, म्हणजे मिक्सिंगचा दर काढणार असाल तर नॉइज तो आकडा फुगवतो आणि जाड शीट तोच आकडा खाली ओढते, दोन्ही चुका एकमेकींना झाकतात आणि उत्तर बरोबर असल्यासारखं वाटतं.

प्र. १४. हेलियम किंवा हायड्रोजनचा जेट आहे. काय वेगळं?

सिग्नल उलटा येतो, जेट काळा आणि हवा उजळ. लांबवर जिथे ५ टक्केच हेलियम उरतो तिथे नॉइज आणि सिग्नल जवळपास सारखेच होतात (प्र. ५ मधलं गणित). हेलियमला लोक अ‍ॅसिटोनची वाफ मिसळून २६६ नॅनोमीटरवर फ्लुरोसन्स घेतात, बघायला छान, पण कमी रेनॉल्ड्स नंबरला हेलियम अ‍ॅसिटोनपेक्षा खूप वेगाने पसरतो, म्हणजे तुम्ही मोजता अ‍ॅसिटोन आणि म्हणता हेलियम.

प्र. १५. माझे आकडे दुसऱ्यांच्या आकड्यांशी जुळत नाहीत, तेच सगळं केलंय तरी.

आधी बघा, ते मास फ्रॅक्शन (वजनाने वाटा) देतायत का. रेले देतं मोल फ्रॅक्शन (रेणूंच्या संख्येने वाटा). प्रोपेन २५ टक्के मोल म्हणजे वजनाने ३३.६ टक्के, एवढा फरक पडतो. आणि रूपांतर प्रत्येक शॉटला, प्रत्येक पिक्सेलला करून मग सरासरी काढायची, सरासरी मोल फ्रॅक्शनचं रूपांतर केलं तर उत्तर वेगळं येतं.

मग अक्षावरचा, म्हणजे जेटच्या मधल्या रेषेवरचा, उतार तपासा. खळबळता (टर्ब्युलंट) जेट नोझलपासून लांब गेल्यावर मास फ्रॅक्शनची सरासरी अंतराच्या उलट प्रमाणात घसरते, साधारण ५ गुणिले प्रभावी व्यास भागिले अंतर. प्रभावी व्यास म्हणजे नोझलचा व्यास गुणिले जेट आणि हवा यांच्या घनतेच्या गुणोत्तराचं वर्गमूळ, प्रोपेनला १.२३ पट, हेलियमला ०.३७ पट. म्हणजे ३० व्यास अंतरावर प्रोपेन वजनाने २० टक्क्यांच्या आसपास यायला हवा. अक्षावरचे चढउतार त्या सरासरीच्या २० ते २५ टक्के असतात. तुमचे १० आले तर शीट जाड आहे किंवा रिझोल्यूशन कमी, ४० आले तर धूळ किंवा नॉइज. नोझलच्या तोंडाशी शुद्ध जेटमध्ये १०० टक्के येतायत ना हे पण बघा, ९४ येत असतील तर बॅकग्राऊंड बदललाय किंवा गॅसच्या लाइनमध्ये कुठेतरी हवा शिरतेय.

प्र. १६. प्रोपेन सोडून लेझर मारायचा, स्फोट नाही ना होणार?

हवेत प्रोपेन २.१ ते ९.५ टक्के असताना पेटतो, आणि जेटच्या कडेला कुठेतरी हे मिश्रण असतंच असतं. शीट साधारण मोठी असेल तर लेझर पेटवत नाही, पण बीम बारीक फोकस झाली आणि धुळीचा कण आला की ठिणगी पडू शकते. म्हणून हवेऐवजी नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइडमध्ये जेट सोडणं जास्त शहाणपणाचं, तेव्हा गुदमरण्याचा धोका असतो, म्हणून एक्झॉस्ट आणि ऑक्सिजन मीटर दोन्ही लागतात. लेझर क्लास ४ चा (सगळ्यात धोकादायक वर्गाचा) आहे, चष्मा त्या वेव्हलेंग्थचाच हवा, यात सूट नाही.

प्र. १७. जेट गरम असेल किंवा पेटलेला असेल तर?

मग रेलेच्या एका आकड्यात दोन अज्ञात घुसतात, कुठला वायू किती आणि तापमान किती, कारण गरम झालं की रेणू विरळ होतात आणि सिग्नल पडतो. एक युक्ती अशी की इंधनच असं बनवायचं ज्याचा क्रॉस सेक्शन हवेइतकाच असेल. जर्मनीच्या डीएलआर या अंतराळ-विमान संशोधन संस्थेची प्रसिद्ध ज्योत आहे, २२.१ टक्के मिथेन, ३३.२ टक्के हायड्रोजन, ४४.७ टक्के नायट्रोजन. प्र. ५ मधल्या आकड्यांनी बेरीज करून बघा, बरोबर १ च्या जवळ येते. त्यात रेले फक्त तापमान सांगतं. वायू किती हे मग रामनकडून घ्यायचं.

प्र. १८. सुपरसॉनिक जेटमध्ये नोझलजवळ सिग्नल अचानक खूप वाढतो. घनता एवढी वाढू शकते?

शॉकमुळे घनता वाढते हे खरं, पण खूप म्हणजे दहापट वगैरे असेल तर संशय घ्या. खोलीच्या तापमानाची, ३०० केल्विनची हवा माख ३ (ध्वनीच्या तिप्पट वेग) पर्यंत फैलावली की १०७ केल्विनपर्यंत थंड होते, त्यात थोडी ओल किंवा कार्बन डायऑक्साइड असला तर त्याचे बारीक झुबके (एकत्र चिकटलेले रेणू) बनतात, आणि झुबक्याचा सिग्नल व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. हवा सुकवा, जमलं तर आधी थोडी तापवा आणि पुन्हा बघा. सिग्नल तापमानाप्रमाणे भराभर बदलला तर ते झुबकेच होते.

प्र. १९. वेग पण एकाच वेळी हवाय, पीआयव्ही (प्रवाहात सोडलेल्या कणांच्या लागोपाठच्या दोन चित्रांवरून वेग काढणं) आणि रेले सोबत करता येईल?

साध्या रेलेत नाही, प्र. ९ वाचा, पीआयव्हीचे कण म्हणजे मुद्दाम सोडलेली धूळच. विरळ कण सोडून फिल्टर्ड रेले (प्र. १०) घेणारे आहेत, पण एकाग्रतेसाठी अ‍ॅसिटोन फ्लुरोसन्स आणि वेगासाठी पीआयव्ही ही जोडी जास्त सुटसुटीत, कारण फ्लुरोसन्सचा रंग वेगळा असतो आणि कणांचा प्रकाश फिल्टरने अडवता येतो.

प्र. २०. शीटमध्ये आडव्या रेघा दिसतात, प्रत्येक शॉटला वेगळ्या जागी. लेन्स साफ केली.

जागा बदलतायत म्हणजे लेन्स नाही. प्रोपेन आणि हवेचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स वेगळा असल्यामुळे शीट जेटमधून जाताना जागोजागी वळते आणि प्रकाश काही ठिकाणी गोळा होतो, काही ठिकाणी विरळ. जेटच्या पलीकडच्या बाजूला रेघा जास्त आणि लेझरच्या बाजूला कमी असतील तर कारण हेच. लहान नोझलमध्ये फार त्रास होत नाही. मोठ्यात जेटच्या दोन्ही बाजूंना शुद्ध हवेची पट्टी ठेवायची, दोन्हीकडचा उजळपणा मोजायचा आणि मधला भाग त्यावरून सरळ रेषेत दुरुस्त करायचा, पूर्ण जात नाही पण निम्म्याहून खाली येतं. जे शॉट फारच रेघाळ आहेत ते टाकून द्यायचा मोह होतो, पण ते बहुतेक सगळ्यात जास्त खळबळीचे शॉट असतात, तेच टाकले तर चढउतारांचा आकडा कमी येणार, तेव्हा ठेवा आणि सोबत त्रुटी किती ते लिहा.